नऊ नंबरची कुंडी

“माझी बदलायची नाही,” ती म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

कुंडी तिच्या मांडीवर होती. चादरीला माती लागू नये म्हणून पलंगावर प्लास्टिकचा जुना कागद अंथरला होता. अर्धी माती मी भरूनच आणली होती. तिने डेलियाचा कंद हातात घेतला, आडवा ठेवला, मानेकडची बाजू जरा वर केली आणि वरून मूठ मूठ माती सोडत गेली. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांना हे दाखवावं लागतं. तिला काय दाखवणार? अर्ध्या गोष्टी मीच तिच्याकडून शिकलो होतो.

“मी कशाला बदलेन?” मी म्हणालो.

“अठ्ठावीस वर्षं बदलताय. हाताला सवय लागते.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. तेवढाच आवाज उरलाय.”

चार नंबरच्या पलंगावरून शिलाईवाली ओरडली, “काय हो माळीणबाई, नवऱ्याशी काय कुजबुज चाललीय? आम्हालाही ऐकू द्या की!”

“संसारातलं आहे,” माझी बायको म्हणाली. “तुला नाही कळायचं.”

“दोन नवरे करून बसलेय मी. मला नाही कळायचं?”

वॉर्ड हसला. हसता हसता निम्म्या जणी खोकायला लागल्या आणि मावशी बादली घेऊन धावली. या वॉर्डात हसण्याचा शेवट नेहमी असाच होतो.

“शपथ घ्या,” गलबल्यात माझी बायको म्हणाली. “आली तर आली, नाही तर नाही. पण मला फसवायचं नाही.”

मी शपथ घेतली.

आमचा दवाखाना छातीच्या आजारांचा. लांब वॉर्डात अकरा पलंग. तिथे आलेल्या बाईचा मुक्काम महिन्यांचा, कधी वर्षाचा. थंडी सरत आली की प्रत्येकीने आपल्या हाताने एक कंद लावायचा, ही रीत एका जुन्या मोठ्या सिस्टरनी घालून दिली. त्या गेल्या, रीत राहिली. कुंडीला पलंगाच्या नंबराची पत्र्याची पट्टी बांधायची आणि ती माझ्या काचेच्या खोलीत ठेवायची. तीन आठवड्यांत, फार तर पाच, कोंब येतो. मग कुंडी वऱ्हांड्याच्या कठड्यावर, ज्या त्या बाईच्या खिडकीसमोर ठेवायची. पडल्या पडल्या दिसली पाहिजे.

पहिल्याच वर्षी दोन कंद कुजले. त्यातली एक बाई रोज सकाळी मला विचारायची, “माझं?” मी मान हलवायचो. पंधरा दिवसांनी तिने विचारणं सोडलं, आणि मग जेवणही सोडलं. ही गोष्ट मी घरी सांगितली. बायको भांडी घासत होती. राख लागलेला हात तसाच थांबवून म्हणाली, “पुढच्या वर्षी मी घरी दहा लावते. ज्या नाही आल्या, त्या बदला.”

तेव्हापासून आमच्या मागच्या भिंतीला दहा कुंड्या असायच्या. आधी मी कुंडीच बदलायचो. मग एका म्हातारीने ओळखलं, माझ्या कुंडीच्या काठाचा इथे टवका गेलेला होता, म्हणाली. त्यावर बायकोने युक्ती काढली. कुंडी तीच ठेवायची, आतला मातीचा गोळा तेवढा अख्खा काढून दुसरा बसवायचा. गोळा बसवला की कडेची माती सुटी राहते. ती लाकडी पट्टीने दाबायची, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी चढू द्यायचं, एक दिवस जाऊ द्यायचा. कड धरली की कुणाच्या बापाला कळत नाही.

देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं. पण थंडी संपून मागच्या भिंतीला पहिला तांबूस कोंब दिसला की हातातलं काम टाकून ती उकिडवी बसायची आणि म्हणायची, “आलास का रे? बरं केलंस. उपकार झाले.” दहाही कोंबांना वेगवेगळं म्हणायची. मी एकदा विचारलं, “कुणाचे उपकार?”

“ज्याचे असतील त्याचे. आपण म्हणून टाकायचं.”

“आणि आपण त्या बायकांना फसवतो, त्याचं काय?”

“कोंब तर खरा असतो ना? मग झालं. तो कुणाच्या मातीतून आला याची चौकशी वर कुणी करत नाही.”

आम्हाला मूलबाळ झालं नाही. माझ्या मते तिने ते सगळं या कुंड्यांत घातलं. मला तसं कधी म्हणाली नाही.

मग तिलाच खोकला लागला. खोकला जाईना, वजन उतरलं, आणि पानगळीच्या दिवसांत तिला नऊ नंबरचा पलंग मिळाला. ज्या दिवशी मी डेलियाचे जुने गड्डे फोडून कंद वेगळे करत होतो, त्याच दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. बसा म्हणाले. इतक्या वर्षांत मला कधी बसायला सांगितलं नव्हतं, तेव्हाच मी समजलो. छातीत सगळीकडे पसरलंय, कापून काढण्यासारखं राहिलेलं नाही, त्रास कमी करू एवढंच. तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाले. सांगायची वेळ आली नाही. परत येऊन मी पलंगाशी उभा राहिलो तर माझ्या तोंडाकडे बघून तीच म्हणाली, “असू दे.”

त्यानंतर मी पुन्हा गड्डे फोडायला बसलो. डेलियाच्या कंदाला मानेपाशी डोळा असतो. त्याच जागी कोंब फुटतो. गड्डा फोडताना एखादा कंद डोळ्याविना तुटून येतो. दिसायला चांगला जाडजूड असतो, मातीत घातला तर मुळंही धरतो, पण वर कधी येत नाही. म्हणून प्रत्येक मानेवरून अंगठा फिरवायचा असतो. त्या दिवशी माझे हात काम करत होते. अंगठ्याने काय पाहिलं आणि काय नाही, मला आठवत नाही. आणि घरच्या दहा कुंड्या? त्या लावाव्यात हे माझ्या मनातही आलं नाही. मागच्या भिंतीकडे मी जातच नव्हतो.

त्या वर्षी थंडी वेळेवर गेली. आवारातल्या झाडांना पालवी फुटली, काचेच्या खोलीत सकाळपासून ऊब असायची. दरवर्षी या दिवसांची मी वाट बघायचो. त्या वर्षी वाटत होतं, अजून थोडी थंडी राहावी. अजून थोडे दिवस कुणी कुणाकडून कशाची अपेक्षा करू नये.

चौथ्या आठवड्यापर्यंत नऊ कुंड्या उगवल्या. चार आणि नऊ राहिल्या.

चार म्हणजे शिलाईवाली. तिच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढायचा होता. तो काढला तर ती वाचणार होती, डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले होते. पण बाई सही करेना. आधी थट्टेत म्हणाली, कोंब आला की सही करते. मग तेच धरून बसली. वरवर दणदणीत, आतून पार घाबरलेली होती. कागद पुढे केला की खिडकीकडे बोट दाखवायची.

मोठ्या सिस्टर काचेच्या खोलीत आल्या. कुंड्या बदलल्या जातात हे त्यांना माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. “माळीबुवा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या कुंडीवर माझं ऑपरेशन अडलंय. काही खत वगैरे घाला की.”

“खताने येत नाही, सिस्टर.”

“मग कशाने येतं?”

बाहेरून आणावा तर बाजारातल्या डेलियाचा कोंब हिरवा, आमचा तांबूस. इतर नऊ बायकांच्या कोंबांकडे शिलाईवाली दिवसभर बघत पडलेली. तिच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

वॉर्डात गेलं की शिलाईवाली विचारायची, “काय, माझा झोपलाय का अजून?”

“झोपलाय.”

“उठवा की मेल्याला! माझ्या पहिल्या नवऱ्यावर गेलाय.”

माझी बायको काहीच विचारत नसे. मी जवळ बसलो की बाहेरच्या नऊ कुंड्यांचं बोलायची. त्या तिसरीला पाणी जास्त होतंय, पानं मऊ पडलीत. सातवीला काठी लावा. स्वतःच्या कुंडीचं नाव नाही. नऊ कोंब वर आले तरी त्यातल्या एकालाही ती ‘उपकार झाले’ म्हणाली नाही. मी कान देऊन होतो.

एकतिसाव्या दिवशी मला राहवलं नाही. पुरलेलं उकरून बघायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. नवीन माणसाला मी तो पहिल्या दिवशी सांगतो. त्या दुपारी काचेच्या खोलीचं दार लावलं आणि नऊ नंबरच्या कुंडीच्या कडेने बोटं घातली. गोळा हलकेच उचलला, वरची माती बाजूला केली. पांढरी मुळं होती. आणि मानेपाशी तांदळाच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका.

गोळा जागेवर ठेवला, माती ओढली. मग चार नंबरची उकरली. कंद धडधाकट, मुळंही भरपूर. मानेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. मी स्वतःच तिला डोळ्याविना कंद दिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ नंबरचा कोंब मातीच्या वर आला. दोन पानं, अजून मिटलेली, कडेला तांबूस.

मी कुंडी पुसलीसुद्धा नाही. तशीच छातीशी धरून निघालो. वऱ्हांड्यातून जाताना बायका ओरडत होत्या, कुणाची हो, कुणाची? मी थांबलो नाही. पलंगापाशी जाऊन कुंडी तिच्यासमोर धरली.

“तुझी आली,” मी म्हणालो. “उशीर लागला, पण आली.”

तिने कोंबाकडे पाहिलं. चेहरा उजळतोय असं मला क्षणभर वाटलं. मग तिने बोट पुढे केलं आणि कुंडीच्या कडेवरून फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा, हळूहळू.

“कड सुटलीय,” ती म्हणाली.

“अगं, उकरून बघितलं मी. परवा. राहवलं नाही.”

“तुम्ही?”

“हो.”

“इतक्या वर्षांत कधी उकरलंत?”

“नाही.”

“मग?”

खरं बोलणाऱ्या माणसाला उत्तर शोधावं लागत नाही असं मी समजत होतो.

“घरी एखादी लावून ठेवली असणारच तुम्ही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी. मला ठाऊक होतं, तुमच्याने राहवणार नाही.”

“घरी एकही लावलेली नाही. जाऊन बघ.” तोंडातून निघून गेलं. ती कुठे जाऊन बघणार होती? मग म्हणालो, “तुझ्या गळ्याची शपथ. ही तुझीच आहे.”

“माझ्या गळ्याची शपथ आता कशाला घेता? त्याचं काय राहिलंय?” ती हसली. खोकला आला. मी पाठ धरली. हाताला नुसती हाडं लागली. दम बसल्यावर ती म्हणाली, “उशीर लागला पण आली, हे वाक्य तुम्ही किती जणींना म्हणालात हो? घरी येऊन मला म्हणून दाखवायचात. अस्संच. हाच आवाज.”

ते खरं होतं. तेच शब्द होते. माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते.

“रागावले नाही मी,” ती म्हणाली. कुंडी तिने स्वतःच हळूच माझ्याकडे सरकवली. “चारला द्या ही. आजच नका, कड दाबून, नीट करून उद्या द्या. तिच्या नजरेला बारकं दिसतं. कुणी विचारलंच तर नंबर वाचायला चुकलात म्हणा. पोरगी वाचण्यासारखी आहे. सही करेल.”

“आणि तुला?”

“माझी आणा. आहे तशी. काही नसलं तरी चालेल.”

मी आणखी बोललो असतो. पण जितकं बोलेन तितकं ते खोटं वाटत जाणार, हे मला दिसत होतं. तिच्या डोळ्यांत अविश्वास असता तरी चाललं असतं. तिथे माझ्याबद्दल कीव होती.

काचेच्या खोलीत मी दोन्ही कुंड्या समोर ठेवल्या. तसंच राहू द्यावं का? नऊ नंबरची कुंडी नऊ नंबरच्या खिडकीपुढे ठेवावी, ती मानो न मानो? पण शिलाईवाली खिडकीकडे बोट दाखवत राहिली असती. आणि माझ्या बायकोने मरेपर्यंत रोज त्या कोंबाकडे माझं खोटं म्हणून पाहिलं असतं.

मी बायकोच्या कुंडीतला गोळा काढला. दोन्ही हातांवर घेतला तेव्हा कोंब हलला. तो चारच्या कुंडीत बसवला. चारचा गोळा बायकोच्या कुंडीत. मग पट्टी घेतली आणि दोन्हीच्या कडा दाबल्या, अंगठ्याने, मग पट्टीने, पुन्हा अंगठ्याने. परातीत पाणी घेतलं. तिने शिकवलेलं काहीही मी चुकवलं नाही. खरी कुंडी मी तशीच उचलून नेली होती. या दोन खोट्या कुंड्यांवर माझी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी चारच्या खिडकीसमोर कुंडी ठेवली. शिलाईवाली उठून बसली. मग एकदम ओरडली, “सिस्टर, आणा तो तुमचा कागद! आणि लिहिणारं पेन आणा, मागच्या वेळेसारखं नको!” सही करताना तिचा हात इतका हलत होता की मावशीने कागद खालून धरला. सही झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडली. बाकीच्या तिला चिडवत होत्या, “काय गं, दुसऱ्या नवऱ्यावर गेला का शेवटी?”

माझी बायको हे सगळं उशीवरून बघत होती.

मग मी तिची कुंडी नेली. नुसती माती, सपाट, ओलसर. तिने ती दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला. मी खालून आधार दिला. बोट कडेवरून फिरलं. सगळीकडून फिरलं. माती कुठेच हलली नाही.

“हं,” ती म्हणाली. “ही माझी.”

मी कुंडीला आधार देऊन उभा होतो.

“बघा, कसं हलकं वाटलं. एकदा कळलं की बरं असतं.” तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताला ऊब नव्हती. “आज खोटं बोलला नाहीत. उपकार झाले.”

मनात आलं, आत्ता सांगावं. ओरडून सांगावं, वॉर्डाला ऐकू जाईल असं, की तो कोंब तुझा आहे, तुझ्या हाताने लावलेला, तो आला, उशिरा आला पण खरंच आला. शब्द पुन्हा तेच होते. मी तोंड मिटून घेतलं.

शिलाईवालीला पुढच्या आठवड्यात नेलं. ऑपरेशन नीट झालं असं कळलं. तिची कुंडी कठड्यावर वाढत राहिली. बायको आता बहुतेक वेळ झोपलेली असायची. जाग आली की एवढंच विचारायची, चारची कशी आहे. मी सांगायचो, तीन जोड्या पानं झाली. चार झाली. ती म्हणायची, “तिला लवकर काठी लावा.”

तिची कुंडीही मी कठड्यावर ठेवली होती, नऊच्या खिडकीसमोर. तिनेच ठेवायला लावली. रिकामी कुंडी कठड्यावर ठेवायची रीत नाही, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मी ती हलवली नाही.

एका सकाळी मी झारी घेऊन निघालो. पहिलीपासून आठवीपर्यंत पाणी घातलं. नववीपाशी आलो आणि पुढे सरकलो. त्या कंदाला पाण्याचा उपयोग नव्हता. नुसता कुजला असता. तेवढ्यात काचेवर नखाचा आवाज आला. ती जागी होती. उशीवरून मान वळवून बघत होती. आवाज बाहेर येत नव्हता, पण ओठ हलले ते मला कळलं, “तिलाही घाला.”

मी मागे आलो आणि झारी वाकवली. मातीवर पाणी साचलं, मग हळूहळू खाली गेलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने अजून मान हलवली नव्हती. बाकीच्या कुंड्यांना घातलं तेवढं व्हायचं होतं. मी ओतत राहिलो.